सोमाचा उपास

भाद्रपद लागला की साडेपाचनंतर माझं कामात लक्ष राहत नाही. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्याच्या खिडकीतून पश्चिमेचे डोंगर दिसतात. मीटिंग चालू असताना मी त्या डोंगरांवर ऊन किती उरलंय ते बघत असतो. समोरच्याला वाटतं, साहेब खोल विचारात आहेत. साहेब भुकेले असतात, एवढंच. आष्ट्याच्या जैन घरात वाढलेल्या माणसाचं पोट सूर्यावर चालतं. सूर्य बुडायच्या आत जेवून घ्यायचं, त्याला आमच्याकडं अंथऊ म्हणतात, आणि त्यानंतर सकाळपर्यंत तोंडात काही नाही. वर्षभर मी यात पुष्कळ पळवाटा काढतो, पण भाद्रपदातले पर्युषणाचे दहा दिवस आले की लहानपणची शिस्त न बोलावता अंगात येते.

त्याच वेळी आष्ट्याहून आईचा फोन येतो. "जेवलास?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न, "आन् सोमा?" सोमा म्हणजे आमचा कुत्रा. माझे गुडघे, माझं ब्लडप्रेशर, माझी नोकरी या गोष्टी त्याच्या नंतर येतात, तेही बोलायला वेळ उरला तर. बायको म्हणते, तुम्ही चार पायांवर चालायला लागा, मग तुमचीही चौकशी होईल. चढावर मी जसा वाकून चालतो ते बघता, त्याला फार दिवस लागतील असं वाटत नाही.

संध्याकाळी सोमाला घेऊन किल्ल्याच्या बाजूच्या रस्त्यानं निघतो. उतारावर तेरडा फुललेला असतो. खालून मंडळांच्या ढोलांचा सराव ऐकू येतो. पाऊस संपलेला नसतो, पण त्याचा धाक गेलेला असतो. सोमाचं तोंड आता पांढरं झालंय. पूर्वी तो मला ओढायचा, आता आम्ही एकमेकांना निमित्त देत थांबतो. आणि थांबलो की मला तो एक भाद्रपद आठवतो. आठवला की अजून छाती मोकळी होते. वाईट काहीतरी अगदी जवळून निघून गेलं, आपल्याला लागलं नाही, असं वाटतं.

सोमा मूळचा थायलंडचा. मी साखर कारखान्यातला माणूस. वाळव्याकडच्या साखरेच्या धुराड्यांखाली शिकलेले आमच्या भागातले पुष्कळ जण आशियातल्या कुठल्या ना कुठल्या कारखान्यात जाऊन बसलेले आहेत, तसा मीही थायलंडात गेलो. सोबत बायको वैशाली, कडेवरची मुलगी अन्वी आणि पापडांचं एक खोकं. आम्हाला वाटलं होतं, परदेश म्हणजे काहीतरी वेगळं दिसेल. विमानतळावरून गाडी कारखान्याकडं निघाली तर दोन्ही बाजूंना ऊस. वैशालीचं माहेर सातारा, ती डोंगर बघत वाढलेली. ती म्हणाली, उसातनं निघून उसातच आलो की.

गावाच्या मधोमध एक तळं होतं आणि त्याच्याभोवती बाग. कंपनीच्या वार्षिक तपासणीत तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटावर हात ठेवून असं काही स्मित केलं की मी दुसऱ्या दिवसापासून त्या बागेत जायला लागलो. तिथं रोज संध्याकाळी एक बाई चौथऱ्यावर उभी राहून मोठ्या आवाजात गाणी लावून व्यायाम घ्यायची. समोर गुलाबी, पिवळ्या टी-शर्टांमधल्या साठीच्या मावश्या ओळीनं. नुंग, सोंग, साम, सी. एक, दोन, तीन, चार. मी शेवटच्या ओळीत. मावश्या उजवीकडं झुकल्या की मी डावीकडं झुकायचो, आणि त्या इतक्या सभ्य की कुणी मागं वळून बघितलं नाही. शेवटी मीच लाजून तळ्याभोवती पळायला लागलो. पळणं म्हणजे लोकांनी मानलं तर पळणं.

सोमा मला कारखान्याच्या वजनकाट्यापाशी भेटला. उसाच्या ट्रकांच्या रांगेत भाकरीच्या आकाराचं एक नारिंगी पिल्लू फिरत होतं. तिकडं संत्र्याला सोम म्हणतात, म्हणून अन्वीनं ते नाव ठेवलं; आमच्या तोंडी त्याचा सोमा झाला. तो वर्षभरात माझ्याबरोबर पळायला लागला, आणि तो असल्यामुळं मला न पळता घरी येणं अशक्य झालं. संध्याकाळी सहाला बागेतल्या कर्ण्यांवर त्यांचं राष्ट्रगीत लागायचं. ते लागलं की मावश्या, सायकलवाले, पळणारे, सगळे जिथल्या तिथं उभे. सोमाही उभा, पुढचा एक पाय अर्धा उचललेला. ते संपलं की तो पाय खाली यायचा आणि बाग पुन्हा चालू व्हायची. मग उरलेली फेरी, मग घर, मग त्याचं ताट. दूधभात, कधी दशमी. घरमालकीण पा नोई त्याला कुंपणावरून आणखी काय काय द्यायची, ते आम्ही बघायचं नाही असं ठरवलं होतं. अहिंसेलाही परदेशात थोडी नजर वळवावी लागते.

सुटीत त्याला गाडीत घालून आम्ही उत्तरेच्या डोंगरांत जायचो. कुत्रा चालेल असं हॉटेल मिळायचं नाही, मग मेकाँगच्या काठी तंबू. पलीकडच्या काठावर दुसरा देश, अलीकडं वैशालीनं उघडलेला दशम्यांचा डबा. एका वर्षी गावोगाव पिवळे झेंडे लागलेले दिसले. चौकशी केली तर कळलं, तिकडच्या काही लोकांचे मांस, कांदा, लसूण वर्ज्य करायचे दिवस चालू आहेत. मी लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली, "म्हंजे माणसं चांगली हायत. मग तुला तिकडं इतकी वर्षं ऱ्हायला हरकत न्हाई." तिच्या आवाजात मात्र हरकत होती. माझे वडील त्याच्या आदल्या वर्षी गेले होते आणि आष्ट्याच्या घरात ती एकटी होती.

म्हणून आम्ही परत आलो; साताऱ्याची नोकरी नंतरची, आधी आष्ट्यालाच. बारा वर्षांची अन्वी एकाच अटीवर तयार झाली: सोम येणार. तिची शाळा, मैत्रिणी, तळं, भाषा, सगळं ती सोडणार होती. त्या बदल्यात एक कुत्रा मागणं फार नव्हतं. सोमाला विमानानं आणलं, तेव्हा पिंजऱ्यातून बाहेर पडून त्यानं पहिल्यांदा अन्वीचा बूट हुंगला आणि त्यावर डोकं ठेवलं. मला वाटलं, झालं सगळं.

आष्ट्याला पोचलो तेव्हा भुईमूग काढणी चालू होती. हळदीची पानं कमरेएवढी झाली होती आणि वाऱ्यावर त्यांचा वास घरात यायचा. मी पहिल्याच संध्याकाळी अर्धी चड्डी आणि बूट चढवून सोमाला घेऊन इस्लामपूर रस्त्याला पळायला निघालो. फार तर एक मळा ओलांडला असेल, एक मोटारसायकल थांबली. काय झालं, कुणाला काय झालं, बसा मागं, सोडतो. नाही म्हटलं, व्यायाम. त्यांना ते पटलं नाही. पुढं दुसरी थांबली. तिसऱ्या माणसानं काही न विचारता गाडी वळवली, सरळ आमच्या घरी गेला आणि आईला सांगितलं की तुमचा पोरगा कुत्र्याला घेऊन पळत सुटलाय, काहीतरी इपरीत झालंय. मी परत आलो तेव्हा दारात आठ-दहा माणसं जमली होती आणि आई मधे कोरड्या चेहऱ्यानं उभी होती. ती एवढंच म्हणाली, "इथं लोक म्हागं कोण लागलं असलं तरच पळत्यात."

झालं, माझं पळणं तिथं संपलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. शिवाय पर्युषण लागलं होतं. सहाच्या आत सगळे अंथऊला बसायचे, आणि गच्च जेवून कोण पळतो? आमची पंगत बसली की सोमाला परसात साखळीला बांधायचं, कारण आईच्या स्वयंपाकघरात कुत्रा येणं शक्य नव्हतं. ती त्याला शिवतही नसे. पण त्याचं ताट आमच्याआधी वाढायची, हे मात्र तिनं स्वतःच सुरू केलं.

सोमानं ते ताट हुंगलं आणि तोंड फिरवलं.

पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं, प्रवासाचा शीण. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पाणी बदललं. मग वैशाली म्हणाली, मंडळाचे ढोल, बिचारा घाबरलाय. अन्वीच्या हातून तो दुधाचे चार घोट घ्यायचा, तेवढंच. बरगड्या दिसायला लागल्या. दिवसभर परसातल्या फरशीवर पडून राहायचा आणि संध्याकाळी तेवढा उठून फाटकापाशी जाऊन उभा राहायचा. आम्हाला वाटायचं, घरची वाट बघतोय, म्हणजे तिकडच्या घरची.

आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. आईचे ते मानलेले दीर. घरचे गौरी-गणपती बोळवल्यावर ते कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "वैनी, कुत्रं हाय ते, मुनी न्हाई. त्याला मटण लागतंय. माझ्याकडं द्या, चार दिसांत रंगरूट तयार करतो."

आई जपाची माळ घेऊन बसली. तिच्या घरात कधी अंडं आलेलं नाही आणि त्यातून हे दहा दिवस. तिसरा प्रहर झाला तेव्हा उठली, कुंपणापाशी गेली आणि म्हणाली, "उपाशी जीव मरू द्यायचा ही बी हिंसाच की. न्या. पर माझ्या दारात नगो."

सुभेदारांनी मोठ्या मानानं त्याला नेलं, वाडगा पुढं ठेवला. सोमानं वाडग्याकडं पाहिलं, सुभेदारांकडं पाहिलं आणि आडवा झाला. सुभेदारांना ते फार लागलं. पलटणीत ह्या हातच्या रश्श्याला मोठमोठे साहेब बोटं चाटत होते, असं ते मला दोनदा सांगून गेले.

ही बातमी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पोचायला वेळ लागला नाही. परदेशचा कुत्रा पर्युषणात अन्न शिवत नाही, पुढ्यात मटण ठेवलं तरी शिवत नाही. दुसऱ्या दिवसापासून पूजेला जाणाऱ्या बायका फाटकापाशी थांबायला लागल्या. कुणी हात जोडायच्या. एकीनं मागल्या जन्मी श्रावक असणार असा निकाल दिला, दुसरीनं त्याचं पारणं आमच्याकडं करा असं आमंत्रण दिलं. मी गंमत म्हणून हसत होतो. मग लक्षात आलं, अन्वी खांबाआड उभी राहून हे सगळं ऐकतेय, सोमाच्या दुधाचा वाडगा हातात तसाच. आई तरातरा बाहेर आली. म्हणाली, "उपास न्हाई केलेला त्यानं. आजारी हाय. जावा पूजेला." तिच्या दारात कुणी भक्तिभावानं आलेलं असताना तिनं त्याला असं परतवून लावलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

त्या रात्री अन्वी मला म्हणाली, "पपा, मी त्याला आणायलाच नको होतं. मीच हट्ट केला." कुत्रा गेला तर तो एकटा जाणार नव्हता, हे मला दिसत होतं. ही पोरगी पुन्हा आपल्यावर विश्वास ठेवून कुठल्याच गावाला आपलं म्हणणार नव्हती.

सकाळी त्याला गाडीत घालून साताऱ्याला निघालो. वसतिगृहातला माझा एक मित्र तिथं जनावरांचा डॉक्टर आहे. आई स्वयंपाकघरातून डबा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि न विचारता पुढच्या सीटवर बसली. तू कशाला म्हटलं, तर म्हणाली, "मी काय घरात माशा मारू?" वैशाली आणि अन्वी मागं, सोमाचं डोकं अन्वीच्या मांडीवर.

मित्रानं त्याचं रक्त तपासलं, पोट दाबून पाहिलं, सलाइन लावलं. तसा आजार काही नाही म्हणाला. जागा बदलली की काही जनावरं अन्न सोडतात. दोन दिवसांत खाल्लं नाही तर मात्र अवघड आहे, इथं दाखल करा. हे तो मला कोपऱ्यात नेऊन सांगत होता, पण अन्वी तिथंच होती. या सगळ्यात दुपार गेली. आई बाहेरचं खात नाही, आणि दवाखान्यात ती डबा उघडणार नव्हती. सकाळपासून तिच्या पोटात दुधाच्या पेल्याशिवाय काही नव्हतं.

परत निघालो. शहराबाहेर पडताना सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं रस्त्याच्या कडेनं पळत येत होती. मागच्या सीटवर इतका वेळ पोत्यासारखा पडलेला सोमा एकदम उठला आणि काचेला नाक लावून कुईंकुईं करायला लागला. पोरं मागं गेली तसा तो मान वळवून बघत राहिला, मग खाली बसला. आईनं मागं वळून हे पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागली.

उंब्रजच्या अलीकडं तिनं गाडी थांबवायला सांगितली. ऊन उतरलं होतं, आष्ट्याला पोचेपर्यंत सूर्य राहिला नसता. मी गाडी सेवा रस्त्याला घेतली. एका बाजूला ऊस, पलीकडं डोंगर, आणि डोंगराच्या वर सूर्य हातभर. वैशालीनं सतरंजी टाकली, आईनं डबा उघडला. तूप लावलेल्या दशम्या आणि गूळ. आईनं दशमीचा तुकडा मोडला, हातात धरला आणि तशीच बसली. सोमा दोर ताणून रस्त्याकडं तोंड करून उभा होता.

"अभय," आई म्हणाली, "तिकडं ह्याला ताट कवा वाढत हुता?"

"संध्याकाळी. आम्ही पळून आलो की."

"आधी न्हाई?"

"आधी कधीच नाही."

तिनं तुकडा डब्यात ठेवला. "मग बघत काय बसलायस? पळ की."

माझ्या अंगात ऑफिसची पँट आणि पायात चामडी चपला. मी दोर हातात घेतला. पहिली काही पावलं सोमा नुसता चालला, जणू मी चेष्टा करतोय की काय याचा अंदाज घेत. मग त्याचे कान उभे राहिले. मग दोर ताणला गेला. मग मी त्याला पळवतोय की तो मला हे सांगणं कठीण झालं. एक चप्पल उसाच्या कडेला राहिली, दुसरी मीच सोडली. एक मोटारसायकल शेजारी आली. मागं बसलेल्या आजोबांनी विचारलं, आवं काय झालं? मला बोलायला दम नव्हता, मी हातानं पुढं जा म्हटलं, आणि ते काळजीनं मागं बघत बघत गेले. एका पाटाच्या पुलावर माझा श्वास संपला. मी थांबलो तसा सोमाही थांबला. पुढचा एक पाय अर्धा उचलून, न हलता, माझ्याकडं बघत. कुठंही गाणं वाजत नव्हतं. उसात वारा फिरत होता आणि महामार्गावर ट्रक. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. मी म्हटलं, चल बाबा.

परत आलो तेव्हा आईनं तांब्यातलं पाणी डब्याच्या झाकणात ओतून ठेवलं होतं. गाळलेलं, बांधून आणलेलं तिचं पाणी. सोमानं ते चाटून संपवलं. मग तिनं दशमी मोडली आणि हातावर ठेवून त्याच्यापुढं धरली. इतके दिवस पदर सावरून त्याच्यापासून चार हात लांब चालणारी बाई मातीत उकिडवी बसली होती. त्यानं हुंगलं. त्यानं तुकडा उचलला, चावला, गिळला आणि तिच्या तळहातावरचं तूप चाटलं.

अन्वी रडायला लागली. आई तिच्याकडं न बघता म्हणाली, "रडायलीस कशाला? गूळ दे इकडं."

एक दशमी संपली. दुसरी मोडली. ती लहान लहान तुकडे करत होती, एकदम पोटाला जड नको म्हणून. तुकडा द्यायची, थांबायची, तो गिळेपर्यंत वाट बघायची. मी रस्त्याच्या कडेला पाय पसरून धापा टाकत होतो, वैशाली माझ्या चपला शोधायला गेली होती. डब्यात खडखडाट झाला तेव्हा मी मान वर केली. डोंगराची कड काळी झाली होती. सूर्य गेला होता.

"आई," मी म्हटलं, "तू कुठं जेवलीस?"

तिनं हात पदराला पुसले. डब्याला झाकण लावलं. आता सकाळपर्यंत तिला अन्न नव्हतं आणि पाणीही.

"बसा गाडीत," ती म्हणाली. "सूर्य काय उद्या उगवायचा न्हाई व्हय?"

गाडी सुरू केली तशी अन्वी लगेच झोपली, एक हात सोमाच्या पोटावर टाकून. मी सवयीनं रेडिओ लावला. आईनं हात पुढं करून तो बंद केला आणि मागच्या सीटकडं बोट दाखवलं. सोमाचं पोट गुरगुरत होतं. कऱ्हाड येईपर्यंत भरल्या पोटाचा तो आवाज ऐकत आम्ही बसलो.